पस्तीस अंशांच्या पलीकडे

लॅपटॉपच्या खोक्यातलं माहितीपत्रक फारसं कुणी वाचत नाही. त्याच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: यंत्र चालवण्याचं तापमान अमुक ते ३५ अंश सेल्सिअस. कंपनी कोणतीही असो, वरचा आकडा बहुधा ३५च असतो. जालन्यात एप्रिल उजाडला की पहिला पाऊस पडेपर्यंत दुपारची हवा रोज हा आकडा ओलांडते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. साठ-सत्तर हजार रुपये मोजून, बहुतेकदा हप्त्यांवर घेतलेलं यंत्र वर्षातले दोन-अडीच महिने दिवसा लावणं म्हणजे ते त्याच्या निर्मात्याच्याच कागदानुसार मर्यादेबाहेर चालवणं होय.

ही ओळ समोर ठेवली की गेमिंग लॅपटॉप स्वस्तात थंड कसा ठेवायचा, हा प्रश्न कोणता कूलिंग पॅड घ्यावा एवढ्यापुरता राहत नाही. माझं म्हणणं असं आहे की कमी पैशांत यंत्र थंड ठेवायचं तर उष्णता हाकलण्याची साधनं विकत घेण्याआधी ती निर्माणच कमी करायला हवी. तसं करण्यात यंत्राची ताकद जवळपास काहीच खर्ची पडत नाही, हे मी पुढे आकड्यांनी दाखवणार आहे. एवढं करूनही जो भार उरतो, तो मात्र एकट्या विद्यार्थ्याने वाहावा असा नाही. तो यंत्र विकणाऱ्यांचा आणि मानकं ठरवणाऱ्यांचा आहे.

आधी एका आक्षेपाचं उत्तर द्यायला हवं, कारण तो घरोघरी ऐकू येतो. एवढ्या उन्हात गेम खेळायचेच कशाला? आक्षेप घेणाऱ्याला हे यंत्र कशासाठी घेतलं जातं याची कल्पना नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्र सगळ्यात कमी किमतीत मिळतं ते गेमिंग लॅपटॉपच्या रूपात. नागेवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकणारा मुलगा त्यावर त्रिमितीतली चित्रं काढतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून घर चालवणारा तरुण त्यावर रात्र-रात्र रेंडर लावतो. ॲनिमेशन शिकायला पुण्याला पाठवता येत नाही म्हणून एखादी मुलगी भोकरदनला घरी बसून त्याच यंत्रावर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर शिकते. आणि गेम खेळणंही काही गुन्हा नाही. ज्या गावात संध्याकाळपर्यंत मैदानावर उभं राहवत नाही, तिथे खोलीत बसून दूरच्या मित्रांबरोबर तासभर खेळणं ही तरुण वयाची साधी गरज आहे. यंत्र कशासाठी तापतं यावरून ते थंड ठेवण्याचा हक्क ठरत नाही.

उष्णता कशी हाताळायची हे जालन्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. या भट्टीची रचना पाहण्यासारखी असते. आत वितळलेलं पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास असतं. त्याच्याभोवती, अस्तराच्या काही इंचांपलीकडे, तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं आणि त्यातून प्रचंड वीजप्रवाह जातो. तांबं वितळतं १,०८५ अंशांना. तरीही ते वितळत नाही, कारण नळी पोकळ असते आणि तिच्यातून सतत पाणी खेळतं. भट्टीला दिलेल्या विजेतला साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, या पाण्यातून बाहेर जातो. पाण्याचा दाब पडला किंवा ते ठरल्यापेक्षा तापलं की भट्टी आपोआप बंद पडते. वीज गेली तरी वेटोळं वाचावं म्हणून उंचावर पाण्याची वेगळी टाकी राखलेली असते. भट्टीवर काम करणाऱ्याला हे पाठ असतं की किती तापलं यापेक्षा तापलेलं कुठून आणि किती वेगाने बाहेर पडतंय, याला महत्त्व आहे.

गेमिंग लॅपटॉपच्या पोटातही तांब्याच्या नळ्या आणि पाणीच असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपवरून चपट्या तांब्याच्या नळ्या निघतात, त्यांत हवा काढून थेंबभर पाणी बंद केलेलं असतं. दाब कमी असल्याने ते चिपच्या टोकाला चटकन उकळतं, वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला पळते, तिथे पात्यांच्या जाळीत थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत फिरतं. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी सिद्ध केली. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. पण भट्टीचं पाणी शेवटी कूलिंग टॉवरवर जाऊन निवतं. लॅपटॉपच्या नळ्यांना खोलीतल्या हवेशिवाय दुसरं ठिकाण नाही. पंखे कितीही वेगाने फिरले तरी चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढूनच मोजलं जाणार.

आता हिशेब. समजा २५ अंशांच्या खोलीत यंत्र १०० वॉट वीज खातंय आणि चिप ८५ अंशांवर स्थिर आहे. म्हणजे १०० वॉटला ६० अंशांचा चढ. तेच यंत्र ४१ अंशांच्या खोलीत तेवढीच वीज खाऊ लागलं तर चिप १०१ वर जाईल. बहुतेक चिपांची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग एकदम खाली आणते, निवली की वर नेते, पुन्हा तापते, पुन्हा खाली आणते. पोरं म्हणतात, लॅपटॉप लॅग मारतोय, एफपीएस (सेकंदाला निघणारी चित्रं) पडतायत. यंत्र बिघडलेलं नसतं. धाप लागलेल्या माणसाने पळावं, थांबावं, पुन्हा पळावं तसं ते चालत असतं.

त्याच खोलीत चिप ९० अंशांवर रोखायची असेल तर चढ ४९ अंशांचाच चालेल, म्हणजे वीज ८२ वॉट. अठरा टक्के कपात. ऐकायला हे मोठं नुकसान वाटतं. पण चिपचा वीजखर्च तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि तिला दिलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या पट्ट्यात वेग थोडा वाढवायचा तरी व्होल्टेज वाढवावं लागतं, त्यामुळे तिथे वीजखर्च साधारण वेगाच्या घनाने फुगतो. हेच उलट करून पाहा: वीज अठरा टक्क्यांनी घटवली तर वेग फक्त सहा-सात टक्क्यांनी घटतो. प्रत्यक्षात चिपागणिक थोडा फरक पडेल, पण दिशा हीच राहते. शेवटच्या सहा-सात टक्के वेगासाठी यंत्र जवळपास पाचवा हिस्सा जास्त उष्णता ओकत असतं. कंपनीला तो शेवटचा वेग जाहिरातीतल्या आकड्यासाठी हवा असतो, जालन्यातल्या मे महिन्यात तो कुणालाच मिळत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे, आणि तो सेटिंगमध्ये आहे. विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के केली की इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत टर्बो, म्हणजे गरजेला वेग वर नेण्याची सोय, बंद होतो. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो, पण तिथे कंपनीच्याच ॲपमध्ये ‘सायलेंट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ असा मोड मिळतो. ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज आफ्टरबर्नरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून उतरवता येतं. प्रोसेसरचं व्होल्टेज पूर्वी असंच उतरवता यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली आणि ती बुजवताना अनेक इंटेल लॅपटॉपांतून ही सोयच काढून घेतली गेली. सुरक्षेचा मुद्दा खरा होता, पण गरम प्रदेशातल्या वापरणाऱ्याच्या हातातून एक चांगलं साधन गेलं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्याहून सोपा उपाय फ्रेमचा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम चांगल्या लॅपटॉपवर सेकंदाला अडीचशे चित्रं काढू शकतो. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला १४४ च चित्रं दाखवतो. उरलेली शंभराहून जास्त चित्रं पूर्ण कधी दिसतच नाहीत, त्यांची फक्त उष्णता होते. गेममध्येच फ्रेमची मर्यादा पडद्याइतकी घालावी. मोहिमेच्या, गोष्टीच्या गेममध्ये ती ६० वर आणली तरी डोळ्याला खटकत नाही, आणि पंख्यांचा आवाज पहिल्या पाच मिनिटांतच उतरलेला ऐकू येतो. स्पर्धेत खेळणारा म्हणेल, जास्त फ्रेम म्हणजे बटण दाबल्यावर कमी उशीर. बरोबर आहे. पण दर काही सेकंदांनी वेग कोसळणाऱ्या यंत्रापेक्षा एकसारख्या १२० फ्रेम देणारं यंत्र नेम धरायला कधीही भरवशाचं.

ही कपात लोकांना का पटत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. विकत घेतलेली वस्तू पूर्ण वापरली नाही तर पैसे वाया गेले, असं आपल्याला वाटतं. ज्याने तीन वर्षं पैसे साठवून लॅपटॉप घेतला त्याला तर ते जास्तच वाटतं, आणि त्या भावनेचा मला आदर आहे. पण यंत्राची पूर्ण क्षमता ही २५ अंशांच्या खोलीतली क्षमता आहे. ती खोली आपल्याकडे नाही. तिच्या नावाने यंत्र जाळत बसण्यापेक्षा आपल्या खोलीत ते जेवढं सलग देऊ शकतं तेवढं पुरतं काढून घेणं, हाच पैशाचा पूर्ण मोबदला.

सेटिंगनंतर धूळ. जालन्याची धूळ साधी नाही. काळ्या मातीची बारीक पूड, कापसाचे तंतू, रस्त्याकडेची माती आणि वसाहतीकडच्या वाऱ्याबरोबर येणारी काजळी मिळून पंखा आणि पात्यांची जाळी यांच्यामध्ये एक दाट थर बसतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर येत नाही. वर्षातून दोनदा, होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, मागचं झाकण उघडून हा थर काढायला हवा. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो उलटा गरगर फिरून बेअरिंग बिघडतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती टाळावी. त्या हवेत पाण्याचे थेंब आणि तेल असतं, आणि दाब तर पाती वाकवण्याइतका.

चिप आणि तांबं यांच्यामधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळते. सतत तापणाऱ्या यंत्रात त्याआधीही. चांगली ट्यूब काही शे रुपयांत मिळते, लावण्याची मजुरीही तेवढ्याच घरात. नवी पेस्ट लावल्यावर पाच ते दहा अंश उतरणं नवलाचं नाही. एवढ्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, म्हणून खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करावा. मात्र दुकानदाराला आधी विचारावं की या मॉडेलमध्ये आत काय आहे. काही महागड्या गेमिंग लॅपटॉपांत कारखान्यातच पेस्टऐवजी द्रवरूप धातू घातलेला असतो. तो विजेचा वाहक असतो, सांडला तर बोर्ड जळतो, आणि त्यात गॅलियम असल्याने ॲल्युमिनियमच्या भागांना तो खातो. न कळता पुसायला गेलं तर यंत्रच जातं. वॉरंटीत असलेलं यंत्र उघडण्याआधी कंपनीच्या अटी लेखी विचारून घ्याव्यात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्यामागचा हेतू. धूळ काढणं ही दुरुस्तीसुद्धा नाही, ती निगा आहे. उष्ण आणि धुळीच्या प्रदेशात विकलेल्या यंत्राचं झाकण चार साध्या स्क्रूंनी उघडावं, अशी अपेक्षा करण्यात काही जास्तीचं मागणं नाही.

कूलिंग पॅडबद्दल थोडक्यात. ज्या लॅपटॉपला खालून हवा घ्यायच्या फटी आहेत, त्यालाच पॅडचा उपयोग, तोही काही अंशांचाच. त्यातला मोठा वाटा पंख्यांचा नसतो, यंत्र टेबलावरून उचललं गेल्याचा असतो. मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन बोटं जाडीचे लाकडी ठोकळे ठेवले तरी तेच साधतं. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर यंत्र ठेवलं तर मात्र कोणताही उपाय चालत नाही, फटीच बुजतात. बर्फाची पिशवी किंवा ओलं फडकं खाली ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी सुटतं, आणि जूननंतर ते फारच लवकर सुटतं.

खरा प्रश्न खोलीचा आहे. वर मांडलेल्या हिशेबात खोलीचा एक अंश म्हणजे चिपचा एक अंश. खोली दहा अंशांनी उतरली तर त्यापुढे बाकीचे सगळे उपाय फिके. एअर कंडिशनर हे त्याचं सोपं उत्तर, पण ते इथल्या बहुतेक घरांचं उत्तर नाही. दीडशे वॉटच्या यंत्रासाठी हजार-दीड हजार वॉटचं दुसरं यंत्र लावायचं आणि महावितरणच्या बिलात शंभर युनिटांचा टप्पा ओलांडून वरच्या दरात जायचं, हे परवडणाऱ्याला हा लेख वाचण्याची गरज नाही.

आपल्याकडचं साधन म्हणजे कूलर, आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार चांगलं साधन आहे. ४१ अंशांची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या पॅडमधून गेली की सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर येऊ शकते. खोली तीस-एकतीसवर राहिली तरी यंत्र कागदावरच्या मर्यादेत आलं. दोन पथ्यं पाळायची. समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर ओलावा साठतो आणि तासाभराने कूलर निरुपयोगी होतो. आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही, कारण झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि इथल्या जड पाण्यातले क्षार त्यांच्याबरोबर आत जाऊन बसतात.

पण कूलरला पाणी लागतं, तासाला आठ-दहा लिटर सहज. जालना शहराला घाणेवाडीचा जुना तलाव आणि जायकवाडीहून अंबडमार्गे येणारी योजना असूनही नळाला रोज पाणी येत नाही. ज्या घरात पिण्याच्या पाण्याचे हंडे मोजले जातात तिथे मुलाने गेमसाठी कूलर लावला तर आई बोलणारच, आणि तिचं बोलणं योग्यच असेल. म्हणून कूलर घरातल्या सगळ्यांच्या खोलीत लावून यंत्र तिथे न्यावं. एकट्याच्या खोलीसाठी तो लावू नये. पाण्याशिवाय खोली उतरवायची तर छताकडे पाहायला हवं. जुनी माळवदं पाडून आपण स्लॅबची घरं बांधली. मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं छत दुपारची उष्णता आत पोचायलाच संध्याकाळ लावत असत. आजच्या स्लॅबवर तेवढं होणार नाही, पण गच्चीवर चुन्याचे दोन पांढरे हात मारले तर वरच्या मजल्याची खोली काही अंशांनी उतरते आणि तो खर्च कूलिंग पॅडच्या आसपासच येतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण राज्यभर आणलं. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवला. मराठवाड्यातल्या प्रत्येक नगरपालिकेने पत्र्याच्या आणि स्लॅबच्या छतांसाठी चुना वाटला तर लॅपटॉप थंड होतील ते होतीलच, त्याखाली झोपणारी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलंही सुखाने झोपतील.

आणि वेळ. इथल्या पठारावर मे महिन्यात दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंशांच्या आसपास फरक असतो. रात्री दहाला स्लॅबची खोली तापलेलीच असते, पण पहाटे चारला खिडक्या उघडल्या की हवा पंचवीस-सव्वीसवर आलेली असते. उन्हाळ्यात शेतातली जड कामं पहाटे उरकतात, त्याच शहाणपणाने रेंडर, मोठे अपडेट आणि लांबलचक खेळ पहाटेवर टाकता येतात. कसलाही खर्च न करता यंत्राला जवळपास ती २५ अंशांची खोली मिळते.

हे सगळं वेग टिकवण्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त आयुष्य टिकवण्यासाठी आहे, आणि ही गोष्ट जालन्यातल्या दुसऱ्या मोठ्या धंद्याला पुरती ठाऊक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि हे गाव बियाण्यांचं गाव झालं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये कपॅसिटरसाठी असाच ठोकताळा दहा अंशांचा आहे. लिथियम बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, आणि ती पूर्ण भरलेली असताना तापली तर जास्तच लवकर म्हातारी होते. गेम खेळताना लॅपटॉप चार्जरलाच जोडलेला असतो, म्हणजे बॅटरी तासन्‌तास शंभर टक्क्यांवर, तापत. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर ठेवण्याची सोय बहुतेक लॅपटॉपांत असते, ती वापरावी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे असं समजून यंत्र ताबडतोब बंद करावं आणि जाणकाराकडे न्यावं. तिला दाबून बसवायचा प्रयत्न धोक्याचा आहे. गोदामात बियाणं थंड ठेवण्यावर जे गाव एवढा खर्च करतं, त्या गावातल्या मुलाने तीन वर्षांच्या बचतीची वस्तू पत्र्याखाली उकडू द्यावी, हे मला पटत नाही.

हे सगळं घरच्या घरी करता येण्यासारखं आहे. पण मी सुरुवातीला म्हटलं तसं, काही भार आपला नाही. संगणकाचा आणि उष्णतेचा झगडा जुना आहे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर त्याच जागेत जास्त बसवूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं ते खरं ठरलं आणि मग थांबलं. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला की हाच कल राहिला तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरची उष्णता अणुभट्टीशी बरोबरी करेल. २००४ मध्ये इंटेलने तेजास नावाची नियोजित चिप रद्द केली आणि एकच गाभा पळवण्याऐवजी अनेक गाभ्यांचा रस्ता धरला. तेव्हापासून चिपची ताकद ही तिला किती थंड ठेवता येतं यावरच ठरत आली आहे. आपल्याकडे बँकेत आणि विमा कार्यालयात पहिले संगणक आले तेव्हा त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली जायची, आत चपला काढून जावं लागायचं. यंत्राला थंड हवा लागते हे तेव्हा सगळ्यांना मान्य होतं. पुढे यंत्र लहान झालं, स्वस्त झालं, आपल्या खोलीत आलं, आणि थंड हवेची जबाबदारी गुपचूप आपल्याकडे आली.

म्हणूनच प्रश्न न्यायाचा आहे. मुंबईच्या वातानुकूलित घरातला मुलगा आणि परतूरच्या पत्र्याच्या खोलीतला मुलगा एकाच मॉडेलला एकच किंमत मोजतात, जीएसटीही तेवढाच भरतात. पहिल्याला जाहिरातीतलं यंत्र मिळतं, दुसऱ्याला मे महिन्यात त्याचा एक हिस्सा मिळतो. आणि हे त्याला खोक्यावर कुठेही सांगितलेलं नसतं. २०१२ च्या आदेशाने लॅपटॉपला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली, पण त्यात तपासली जाते ती सुरक्षितता: शॉक, आग, असलं काही. आपल्या हवेत यंत्र किती काम देईल, हे त्यात येत नाही.

देशाच्या हवामानाप्रमाणे यंत्र मोजणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण ते आपण करतोच. शेताच्या बांधावरची डीपी घ्या. वितरण रोहित्रांच्या भारतीय मानकात हवेचं कमाल तापमान ५० अंश धरलेलं आहे. युरोपातली सौम्य हवा गृहीत धरून रोहित्र इथे बसवलेलं नाही. एअर कंडिशनरच्या तारांकनासाठी २०१८ पासून जो निर्देशांक सक्तीचा आहे, तो बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत बदलताना यंत्र कसं वागतं याचा हिशेब धरतो. रोहित्राला आणि एसीला जो विचार लावला, तोच लॅपटॉपला लावायला अडचण काय? कंपन्या म्हणतील, खोलीचं तापमान आमच्या हातात नाही. नाहीच. पण ४० अंशांच्या खोलीत चाचणी घेऊन आकडा छापणं त्यांच्या हातात आहे, आणि मोबाइल, लॅपटॉप, टॅब्लेटच्या मोठ्या कंपन्या स्वतःच्या प्रयोगशाळांत अशा गरम कपाटांत यंत्रं तपासतातच. आकडा त्यांच्याकडे असतो. फक्त तो ग्राहकापर्यंत येत नाही.

तो आला तर खरेदीच बदलेल. दोन यंत्रांत ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच असतं, पण एकाला जाड शरीर, मोठे पंखे आणि चार नळ्या असतात, दुसरं बारीक आणि देखणं असतं. दुकानात दोन्ही सारख्याच वेगाने चालतात, कारण दुकानात एसी असतो. आज जालन्याच्या ग्राहकाला हा फरक ओळखायला पत्र्याची जाडी, मागच्या जाळ्यांचा आकार आणि कार्डाला किती वॉटपर्यंत वीज मिळते हा आकडा, एवढ्यावरच विसंबावं लागतं. खोक्यावर दोन ओळी छापलेल्या हव्यात: २५ अंशांच्या खोलीत अर्धा तास सलग चालवल्यावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती वॉटवर टिकतं, आणि ४० अंशांच्या खोलीत किती वॉटवर. ब्युरोने नोंदणीच्या अर्जात हे दोन आकडे मागितले तर एका वर्षाच्या आत ते प्रत्येक खोक्यावर दिसू लागतील, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी लॅपटॉप घेणारा मुलगा दुकानदाराला पहिल्यांदा दुसरी ओळ दाखवायला सांगेल.